घोडीच्या नाकातून रक्त आलं म्हणून 3 महिने बंदी, हे बरोबर आहे का?

प्रश्न: डॉक्टर, मी मेलबर्नला असतो, ऑफिसमधल्या काही जणांनी मिळून एक रेसची घोडी घेतलीय, त्यात माझाही छोटासा शेअर आहे. परवा रेस झाल्यावर तिच्या दोन्ही नाकपुड्यांतून रक्त आलं, फार नाही, रुमालाला लागेल एवढंच, तरी स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, लगेच 3 महिने बंदी घातली. दुसऱ्या दिवशी ती मस्त खात होती. आम्हाला वाटलं उन्हाने घोळणा फुटला असेल. अमेरिकेत तर म्हणे इंजेक्शन देऊन असे घोडे पळवतात, मग इथेच एवढं कडक का? आणि परत झालं तर?

उत्तर: दादा, पहिलं म्हणजे हे रक्त बहुतेक वेळा नाकातलं नसतंच, फुप्फुसातलं असतं. घोडं तबेल्यात शांत उभं असतं तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला 30-40, फुल गॅलपला, म्हणजे भरधाव पळताना, तेच 220 च्या वर जातात, फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीतला दाब तिपटी-चौपटीने चढतो आणि तिथल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांची भिंत इतकी पातळ असते की ती फाटते. रेसनंतर दुर्बीण घालून बघितलं तर निम्म्याहून जास्त घोड्यांच्या श्वासनळीत थोडंफार रक्त सापडतं, त्याला बंदी नाही. पण नाकापर्यंत येतं ते फार थोड्या घोड्यांचं, म्हणून बाहेर रुमालापुरतं दिसलं तरी आत त्याहून बरंच जास्त झालेलं असू शकतं. बरेचदा घोडं परत येऊन मान खाली घालतं तेव्हा कुठे पहिला थेंब दिसतो, त्यामुळे रेस संपल्यावर अर्धा-पाऊण तास तरी नाकपुड्यांवर कोणीतरी लक्ष ठेवायलाच हवं.

ऑस्ट्रेलियाचा नियम साधा आहे. दोन्ही नाकपुड्यांत रक्त दिसलं, मग ते कितीही कमी असो, तर 3 महिने रेस बंद आणि पहिले 2 महिने परवानगीशिवाय रेसकोर्सवर ट्रेनिंगही बंद. मार लागून रक्त आलंय असं व्हेट (जनावरांचे डॉक्टर) म्हणाले तरच सूट. नंतर स्टुअर्डसमोर कमीत कमी 1000 मीटर गॅलप रक्त न येता मारून दाखवायचा. सकाळच्या सरावात आलेलं रक्तसुद्धा ट्रेनरने लगेच कळवायचं असतं. आणि परत झालं तर त्या घोडीची रेस कायमची बंद.

कडक वाटतं, मान्य, पण घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही, सगळा दम नाकानेच, आणि ताशी 60 किलोमीटरला फुप्फुसात रक्त साचलं तर ती अचानक ढेपाळणार, तिच्या पाठीवर जॉकी आहे आणि मागून बाकीचे घोडे येतायत. मला या नियमात शिक्षा दिसत नाही, काळजी दिसते.

अमेरिकेतलं इंजेक्शन म्हणजे लॅसिक्स, रेसच्या साधारण 4 तास आधी देतात. लघवीवाटे पाणी जातं, दाब थोडा उतरतो, रक्तस्राव कमी होतो, हे खरं. पण फाटलेलं फुप्फुस त्याने भरून येत नाही, वर घोडं काही किलोंनी हलकं होतं तो फायदा वेगळाच. आता तिथेही 2 वर्षांच्या घोड्यांना आणि स्टेक्स रेसमध्ये (वरच्या दर्जाच्या, मोठ्या बक्षिसांच्या रेसमध्ये) ते बंद केलंय. ऑस्ट्रेलियात रेसच्या दिवशी चालतच नाही आणि ते योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही आता एवढंच करा, घाई करू नका. गवत भिजवून द्या, खाली धूळ उडणारा पेंढा नको, तबेल्यात हवा खेळती ठेवा, खोकला असेल तर आधी तो बरा करा. आणि परत पळवायला लागलात की रेसनंतर दुर्बिणीने तपासून घ्या, आत रक्ताचं प्रमाण वाढताना दिसलं तर स्वतःच थांबवा, दुसऱ्यांदा नाकातून यायची वाट बघू नका.

प्रश्न: असं रक्त येणाऱ्या घोडीपासून पैदास करावी का? (वाचक, पुणे)

उत्तर: थोडा भाग आनुवंशिक आहे. अठराव्या शतकातल्या बार्टलेट्स चिल्डर्स या घोड्याला याच त्रासामुळे ब्लीडिंग चिल्डर्स म्हणायचे, तो कधी रेस पळालाच नाही, पण इक्लिप्स या प्रसिद्ध रेसच्या घोड्याचा तो पणजोबा आणि आजचे बहुतेक थरोब्रेड (रेसच्या जातीचे घोडे) नराकडून इक्लिप्सच्याच वंशातले. त्यामुळे एकदा रक्त आलं म्हणून घोडी बाद करू नका, पण दोनदा रक्त आलं असेल तर ज्याच्या घराण्यात हा त्रास आहे असा घोडा तिला लावू नका.