पैठणीचा ब्लाऊज शिवायला टाकण्यापूर्वी कृपया हे वाचा

तुमची मापे छाती ३८, कंबर २९ आणि सीट (नितंबांचा घेर) ३९ इंच अशी आहेत. तयार कुर्ता छातीला बसला की कंबरेभोवती पिशवीसारखा लोंबतो, कंबरेला बसणारा कुर्ता छातीवर चढतच नाही, आणि दुकानातल्या विक्रेत्यापासून मैत्रिणींपर्यंत सर्वांनी तुम्हाला सैल कपडे वापरायला सांगितले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मी उत्तर लिहायला बसले ते मात्र तुमच्या शेवटच्या ओळीमुळे. मार्गशीर्षात मावसबहिणीचे लग्न आहे आणि त्यासाठी घेतलेल्या पैठणीवरचा ब्लाऊज तुम्ही याच आठवड्यात, मापाचा ब्लाऊज देऊन, शिवायला टाकणार आहात. कृपया तसे करू नका. नेमकी हीच चूक मी २००९ साली केली होती आणि तिची आठवण आजही मला त्रास देते.

मी व्यवसायाने शिंपी नाही. त्या प्रसंगानंतर शिवणाचा सहा महिन्यांचा वर्ग केला आणि तेव्हापासून स्वतःचे व घरातल्या बायकांचे कपडे शिवते, एवढाच माझा अधिकार आहे. टेप कुठे धरावी, कंबर कोणती आणि सीट कोणती, हे तुम्हाला येत असणार, म्हणून त्यात वेळ घालवत नाही.

त्या वर्षी माझ्या धाकट्या भावाचे लग्न होते. आईने माझ्यासाठी येवल्याहून पैठणी आणली होती. ब्लाऊजचे कापड साडीलाच विणलेले होते आणि त्याला साडीचाच काठ होता. शहरातल्या एका नावाजलेल्या बुटीकमध्ये (नाव लिहीत नाही) मी ते कापड दिले. काउंटरवरच्या बाईंनी मापाचा ब्लाऊज मागितला आणि मी अंगाला बऱ्यापैकी बसणारा एक सुती ब्लाऊज देऊन आले. कोणीही टेप हातात घेतली नाही, आणि मलाही ती घ्या असे म्हणावेसे वाटले नाही. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी ब्लाऊज हातात आला, तेव्हा पाठीवर तो सैल होता, खांद्यांवरून घसरत होता आणि पुढची वरची दोन हुके काही केल्या लागत नव्हती.

पुढच्या पंधरा मिनिटांतला संवाद मला अजून पाठ आहे. त्यांचे म्हणणे एकच होते, की ब्लाऊज मापाच्या ब्लाऊजप्रमाणेच शिवला आहे आणि पाहिजे तर दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहा. ठेवून पाहिले तर खरोखरच दोन्ही सारखे होते. शिवण उसवून थोडे सैल करून द्या म्हटले, तर आत माया, म्हणजे शिवणीत राखायचे जादा कापड, सोडलेलीच नव्हती. पाव इंचावर कापड कापून त्यावर ओव्हरलॉक मारले होते. काखेत दुसऱ्या कापडाचा तुकडा जोडून देण्याची तयारी त्यांनी दाखवली, पण ती वेगळ्या शिलाईचे पैसे घेऊन. चूक झाली असे एकदाही कोणी म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी मी सबंध लग्नात पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून बसले, आणि भावाच्या लग्नाच्या प्रत्येक छायाचित्रात मी तशीच दिसते. आई मला काहीही बोलली नाही, आणि तेच मला सर्वांत जास्त लागले.

दोष कुठे होता, हे मला पुढे पुण्यातल्या नारायण पेठेतल्या एका वयस्कर शिंपीकाकांनी तो ब्लाऊज उसवून समजावले. मापाचा ब्लाऊज टेबलावर सपाट पसरला की त्यातून छातीचा एकूण घेर कळतो, परंतु त्या घेरातला किती भाग पुढचा आणि किती पाठीचा, हे कळत नाही. आपल्यासारख्या बांध्यात, ज्याला काका डमरू म्हणत आणि मासिकांत अवरग्लास म्हणतात, पाठ बहुधा अरुंद असते आणि घेराचा मोठा वाटा पुढे असतो. मी दिलेला सुती ब्लाऊज अनेकदा धुऊन, वापरून माझ्या अंगाप्रमाणे सैलावला होता, त्यामुळे त्याची कापणी सदोष असूनही तो मला बसत होता. अस्तर लावलेली पैठणी अशी सैलावत नाही. जुन्या ब्लाऊजमधला दोष जसाच्या तसा नव्या, न ताणणाऱ्या रेशमात उतरला, आणि मुळात तो दोष होता हेच कोणाला दिसले नाही.

म्हणून तुम्हाला माझी पहिली आणि सर्वांत महत्त्वाची विनंती अशी, की जो शिंपी अंगावरून माप घेत नाही त्याच्याकडे पैठणी देऊ नका, मग त्याचे दुकान कितीही झगमगीत असो. काकांनी माझी अकरा मापे घेतली. त्यांत पुढची छाती आणि मागची छाती काखेखालच्या एका शिवणीपासून दुसरीपर्यंत वेगवेगळी मोजली. शिवाय खांद्यापासून टक्स पॉइंटपर्यंतची (टक्स म्हणजे उभार बसवायला कापडाला घातलेल्या निमुळत्या चिमट्या, त्या जिथे संपतात तो छातीचा सर्वांत पुढचा बिंदू) उंची, दोन पॉइंटमधले अंतर आणि छातीच्या लगेच खालचा घेर हीही मापे घेतली. शेवटची तीन मापे घेतली जात नसतील तर समोरच्याला तुमचा बांधा कळलेला नाही असे समजा. माप देताना लग्नात जी अंतर्वस्त्रे घालणार आहात तीच घालून जा, कारण ती बदलली की टक्स पॉइंट सहज अर्धा-पाऊण इंच वरखाली होतो.

दुसरी विनंती अस्तराची आहे. अस्तराचे कापड आधी पाण्यातून काढून वाळवून द्या आणि शिंप्याला सांगा, की प्रथम केवळ अस्तराचा ब्लाऊज धावदोऱ्याने जोडून हवा आहे. तो अंगावर घालून पाहा, हात वर करा, खाली बसा, वाकून नमस्कार करा. जिथे ओढते तिथे खूण करून घ्या आणि त्यानंतरच पैठणीला कात्री लावू द्या. याला जास्त वेळ लागतो आणि काही शिंपी कुरकुर करतात, पण रेशीम एकदा कापले की त्याच काठाचे कापड पुन्हा मिळत नाही. दोन्ही बाजूंच्या शिवणीत किमान एकेक इंच माया ठेवायला सांगा आणि ते पावतीवर लिहून घ्या. मी आता तोंडी आश्वासनावर विसंबत नाही.

कटोरी की प्रिन्सेस कट, असेही तुम्ही विचारले आहे. यावर मतभेद आहेत आणि माझे मत अंतिम समजू नये. छाती व कंबर यांत तुमच्याइतका, म्हणजे नऊ इंचांचा, फरक असला की साध्या चार टक्सच्या ब्लाऊजला तेवढी खोली देणे अवघड जाते. टक्स मोठे घेतले की टोकाशी कापड चोचीसारखे उभे राहते. कटोरीत, म्हणजे छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडलेल्या ब्लाऊजमध्ये, खोली उत्तम मिळते, परंतु तलम कापडावर तिची आडवी शिवण उठून दिसते. मुंढ्यातून (बाही जोडतात त्या गोलाईतून) निघून कंबरेपर्यंत उतरणाऱ्या प्रिन्सेस कटमध्ये छातीचा उभार आणि कंबरेचा निमुळतेपणा दोन्ही एकाच शिवणीत सामावतात, म्हणून भारी रेशमासाठी मी तोच निवडते. बुट्टा शिवणीत अर्धा कापला जाणार नाही, एवढे मात्र कापणीपूर्वी पाहून घ्या. काठ बाह्यांना लावा, छातीवर आडवा लावू नका. गळा पुढून चौकोनी किंवा पानाच्या आकाराचा, बेताच्या खोलीचा ठेवा. बंद किंवा बोट नेक (होडीसारख्या आडव्या, उथळ) गळ्याने गळ्यापासून छातीपर्यंतचा सगळा भाग एकसंध भरलेला दिसतो आणि भरल्या छातीच्या बाईला तो जड करतो, असा माझा अनुभव आहे.

आता सैल कपड्यांच्या सल्ल्याविषयी लिहिते, कारण त्याचा मला मनापासून राग आहे. सैल कुर्ता आपल्या छातीच्या सर्वांत पुढच्या बिंदूवरून सरळ खाली लोंबतो. त्यामुळे कंबर पूर्ण नाहीशी होते आणि पाहणाऱ्याला आपण छातीइतक्याच रुंद सरळ खांबासारख्या दिसतो. जी जाडी मुळात अंगावर नाही ती कपडा दाखवू लागतो, आणि मग आपण आणखी मोठे माप घेतो. माझ्या आयुष्यातली विशीची जवळजवळ सगळी वर्षे यात गेली. दोष तुमच्या अंगाचा नाही, मापांच्या तक्त्याचा आहे. मी पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत छाती आणि कंबर यांतला फरक सर्व मापांना साधारण सारखाच, सहा-सात इंचांच्या आसपास धरलेला असतो. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ६,००० हून अधिक स्त्रियांच्या मापांचा अभ्यास केला, त्यात केवळ ८ टक्के स्त्रिया आपल्यासारख्या डमरू बांध्याच्या निघाल्या आणि जवळजवळ निम्म्या सरळ, आयताकृती बांध्याच्या. ते आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, परंतु कारखानदार कोणाला समोर ठेवून कापतो याची कल्पना त्यांवरून येते. आपल्याकडे निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने इंडियासाइझ नावाचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात मुंबईसह सहा शहरांतल्या १५ ते ६५ वर्षांच्या २५,००० व्यक्तींची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यायचे ठरले होते. त्यातून येणारी मापे दुकानांत रुळली तर आनंदच आहे. तोवर तयार कपडा घेतला की तो दुरुस्त करून घ्यावा लागणार, हे धरूनच खरेदी करा.

दुरुस्तीतही एक खोच आहे. कुर्ता छातीच्या मापाने घ्या आणि कंबर आत घ्यायला द्या, हे कोणीही सांगेल. परंतु अल्टरवाले दोन्ही बाजूंच्या शिवणी सरळ आत दाबून देतात. एक-दीड इंचापर्यंत ते चालते. त्याहून जास्त कापड फक्त बाजूंनी घेतले तर पोटावर आडव्या चुण्या पडतात आणि मुंढा ओढला जातो. तुम्हाला चार-पाच इंच कमी करायचे असतील तर पुढे दोन आणि मागे दोन असे उभे टक्स कंबरेवर घ्यायला सांगा आणि उरलेले कापडच बाजूंनी घेऊ द्या. तुमच्या कंबरेची जागा खडूने स्वतः दाखवून द्या, कारण कुर्त्याची कंबर आणि तुमची कंबर एकाच उंचीवर असेलच असे नाही. मी पाच फूट एक इंच आहे आणि तयार कुर्त्याची कंबर माझ्या पोटावर येते. कुर्ता उभे असताना बाजूच्या कटांपाशी उलट्या व्हीसारखा फाकत असेल तर तो सीटला कमी आहे. तिथे कंबर आत घेण्याने काहीच साधणार नाही, असा कुर्ता घेऊच नका.

कापडात मऊ पडणारे निवडा: मलमल, रेयॉन, क्रेप, जॉर्जेट. ऑरगंझा, टिश्यू आणि कडक खळ दिलेले सुती कापड अंगापासून दूर उभे राहते. खणाचे कापड मला फार आवडते, पण ते जराही ताणत नाही, त्यामुळे त्याचा ब्लाऊज किंवा कुर्ता पैठणीइतक्याच काळजीने मापावा. रविवार पेठेत कापडगंजात कापड घेऊन शिवून घेतलेला अंगरखा पद्धतीचा कुर्ता हा माझ्या दृष्टीने या बांध्यासाठी सर्वांत चांगला पोशाख आहे, कारण त्याची तिरकी पुढची बाजू छातीला जागा देते आणि बंद नेमके कंबरेवर बांधले जातात. परदेशात १९७४ पासून गाजलेल्या डियान फॉन फर्स्टनबर्ग यांच्या रॅप ड्रेसमागे हेच तत्त्व आहे. फक्त आपण पुण्यात दुचाकीवर फिरतो, तेव्हा आतून दोन टिचबटणे लावून घ्या आणि गाडीवर बसून पाहिल्याशिवाय शिलाई पक्की करू देऊ नका. बसल्यावर सीटचे माप इंच-दीड इंचाने वाढते. जीन्स सीटच्या मापाने घ्यावी आणि कंबरपट्टी मागच्या बाजूने आत घ्यावी.

साडीबाबत आणखी दोन गोष्टी. निऱ्या कमी आणि सपाट घाला, कंबरेवर गठ्ठा होऊ देऊ नका. परकराला बारीक नाड्याऐवजी रुंद पट्टी लावून घ्या आणि ती सैलसर ठेवा. बारीक कंबर दिसावी म्हणून नाडा करकचून बांधण्याची सवय आपल्यांत सर्रास आहे. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा घट्ट नाड्याने वर्षानुवर्षे घासून झालेल्या जखमेतून त्वचेचा कर्करोग झालेल्या दोन स्त्रियांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही, परंतु नाड्याखाली काळा, खाजणारा पट्टा उमटला असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

वेळेचे गणित असे आहे, की तुळशीचे लग्न झाले की पेठांतले चांगले शिंपी मान वर करून पाहत नाहीत. या आठवड्यात पैठणी घेऊन न जाता फक्त अस्तर घेऊन जा, दिवाळीपूर्वी अस्तराची ट्रायल उरका आणि पक्का ब्लाऊज लग्नाच्या किमान पंधरा दिवस आधी हातात येईल असे ठरवा. ट्रायलचे फोटो इथे टाकणार असाल तर पुढचा आणि बाजूचा फोटो टाकाच, पण पाठीचाही टाका. माझ्या ब्लाऊजची चूक पाठीवरच दिसत होती.