लिनक्सवर अडखळणारा मुलगा आणि घाईवर आलेले वडील

आपले पत्र वाचले. पहिले वर्षभर विंडोजवर सी आणि पायथनमध्ये सफाईने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आपल्या मुलाचे जुने प्रोग्रॅमही दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली आल्यापासून चालेनासे झाले, गुण घसरले, म्हणून त्याला प्रमाणपत्राचा सशुल्क वर्ग लावावा का, की त्याने संगणक शाखाच सोडावी, असे आपण विचारता. गुणांची मला फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती पत्रात आपण सहज लिहून गेलेल्या गोष्टीची: त्याने स्वतः लॅपटॉपवर घातलेले लिनक्स आपण त्याला न विचारता तंत्रज्ञाकडून काढून घेतलेत, आणि आता रोज रात्री ‘आज किती प्रोग्रॅम चालले’ याचा हिशेब मागता.

ज्या मुलाला रोज आकडा द्यावा लागतो, तो एरर संदेश वाचत बसत नाही; तो मित्राचा चालणारा प्रोग्रॅम उतरवून घेतो आणि आकडा भरतो. नव्या कार्यप्रणालीवर सुरुवातीला जे शिकायचे असते, ते बहुतांशी त्या संदेशांतच असते. सरावाचे साधन आपणच काढून घेतलेत आणि सराव नाही म्हणून दोष मात्र त्याला देत आहात, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

‘आता सगळे शून्यापासून शिकावे लागेल’ हा आपला समज चुकीचा आहे. सी प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारा कंपायलर जीसीसी, प्रोग्रॅममधील बदलांची नोंद ठेवणारे गिट आणि पायथन ही साधने दोन्हीकडे तीच असतात. बदलतो तो त्यांच्या भोवतालचा व्यवहार. विंडोज सहसा फाइलच्या नावातील लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स करते. त्यामुळे एका अक्षराच्या फरकाने काल सापडणारी हेडर फाइल (प्रोग्रॅमच्या सुरुवातीला नावाने जोडली जाणारी फाइल) आज सापडत नाही. विंडोजवरील मजकूर फाइलमध्ये ओळीच्या शेवटी सहसा दोन चिन्हे असतात, लिनक्सवर एक, आणि तेवढ्याने एखादी स्क्रिप्ट अडते. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार ४ बाइटचा असतो, चौसष्ट बिटांच्याच लिनक्सवर ८ बाइटचा. ‘कोनिओ’ हेडर तर डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या काळातील कंपायलरांचा वारसा असून प्रमाण सी भाषेचा भागच नाही. त्यावर बेतलेला प्रोग्रॅम लिनक्सवर अडला, तर त्यात मुलाची बुद्धी कमी पडली असे होत नाही. या गोष्टी एकदा अडल्या, कारण शोधले, की बहुधा कायमच्या लक्षात राहतात.

प्रमाणपत्राच्या सशुल्क वर्गाची आज गरज नाही. शाखाबदलाचा विचार तर या कारणासाठी मुळीच करू नये. लॅपटॉपवर विंडोज हवेच असेल, तर विंडोज १० किंवा ११ मध्ये डब्ल्यूएसएल ही त्यातलीच सोय सुरू करून त्यातच लिनक्स चालवता येते; मात्र ते त्याचे त्याला करू द्यावे आणि रात्रीचा हिशेब बंद करावा.

लिनक्स काढण्यापूर्वी त्याच्या फायलींची प्रत घेतली होती का, हे पत्रात आलेले नाही. घेतली नसेल, तर त्याच्याशी आधी त्याविषयी बोलावे.