पत्रातली शेवटची ओळ

प्रिय ताई, मी ३४ वर्षांची, इंदूरला लोकमान्य नगरात सासरी राहते. चार-पाच महिने कशातच मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते. डॉक्टरकडे गेले तर बोभाटा होईल, म्हणून मोबाइलवर थेरपीचं अ‍ॅप घेतलंय. रात्री त्यात लिहिते, बरं वाटतं. तेवढं पुरेल ना? कधीकधी वाटतं, झोपले की उठूच नये. पण ते सोडा. – एक सून

अगं, ते कसं सोडू? अख्ख्या पत्रात मी तिथेच अडकले. हे वाटणं कधी याच्याही पुढे जातं का, जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का, हे तुझा आवाज ऐकत कुणीतरी माणसानेच विचारायला हवं. आजच १४४१६ लाव. सरकारची टेली मानस सेवा, २०२२ पासून चालू, फुकट, चोवीस तास. मराठीही निवडता येते. विचार जोर धरू लागला तर घरात कुणालातरी उठव आणि थेट एमवाय हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. बोभाटा गेला खड्ड्यात.

अ‍ॅपला मी नावं ठेवत नाही. त्यातली बरीचशी सीबीटीवर चालतात, म्हणजे १९६०च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ एरन बेक यांनी बसवलेल्या, आपलेच विचार तपासून बदलायच्या पद्धतीवर. 'वरण खारट झालं, म्हणजे मी कशाच्याच लायकीची नाही' हा विचार लिहून काढायचा आणि त्याच्याकडे पुरावा मागायचा. सौम्य डिप्रेशनला उपयोग होतो. मागे विचारपूस करणारं माणूस असेल तर जास्तच. एकट्याने सुरू केलेलं बहुतेकांचं मधेच सुटतं, आणि तू चार दिवस उघडलं नाहीस तर ते फार तर नोटिफिकेशन पाठवेल! वोबॉट हे गाजलेलं अ‍ॅप तर २०२५च्या जूनमध्ये बंदच झालं.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाच. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. जिवाला धोका वगैरे मोजके अपवाद सोडले तर सासूबाईंना काही कळायचं नाही. घरी थायरॉइड दाखवायला जाते म्हण. खोटंही नाही, ते कमी पडलं तरी अशीच मरगळ येते, डॉक्टर तपासायला सांगतीलच. अ‍ॅपमधल्या नोंदी दाखव, पहाटे जाग येते ते मुद्दाम सांग, आणि ती शेवटची ओळ सगळ्यात आधी.

नवऱ्याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. ऐकून घेणारा असेल तर त्यालाच सोबत ने. नसेल तर माहेरचं कुणी.