जुनी मंडळी सोडून नव्या फेलोशिपमध्ये जावे का?

तुमचे वय 23 आहे, घराणे तीन पिढ्या जुन्या मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आहे, आणि आता नव्या फेलोशिपमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रार्थनागटात जाणारे मित्र तुमचा बालपणीचा बाप्तिस्मा खरा नव्हे असे सांगतात. तेव्हा मंडळी सोडावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

बाप्तिस्म्याचे आधी सांगतो, कारण माझ्या मते ते मोठे कोडे नाही. 1970 साली नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे राहिले. त्यात बालकांचा बाप्तिस्मा न मानणारे बॅप्टिस्टही होते, म्हणून बालकांचा बाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यानंतरचा बाप्तिस्मा हे दोन्ही तेथे मान्य झाले. पिढ्यान्‌पिढ्या यावर वाद घालणाऱ्यांना एकत्र प्रभुभोजन घेता आले, तर बाप्तिस्मा कोणत्या वयात हवा यावरून तुम्ही घरात वितुष्ट आणू नये.

आजारपणाविषयी ती फेलोशिप काय शिकवते, हे मात्र नीट विचारून घ्या.

मी वेंगुर्ल्याचा. 2006 साली माझ्या आईला जठराचा कर्करोग झाला आणि गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात उपचार सुरू झाले. त्या काळात मी एका फेलोशिपमध्ये जात असे, आणि थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, तो बाबांबरोबर जुन्या मंडळीत जाई. आई अंथरुणाला खिळल्यावर आमच्या जुन्या मंडळीचे पंच, म्हणजे मंडळीचे वडील, एकदा आले, चहा घेऊन आणि एक स्तोत्र वाचून गेले. फेलोशिपमधल्या दोन मुली मात्र त्या पावसाळ्यात सात आठवडे आळीपाळीने रात्री आईजवळ बसल्या. त्यांनी तिला पेज भरवली, तिचे अंग पुसले, आणि ती कण्हू लागली की तिचा हात धरून गाणी म्हटली. ती गाणी ‘उपासना संगीत’ या आपल्या जुन्या गीतपुस्तकातली नव्हती, तरी आईला ती आवडत.

मग त्यांचा पुढारी आला. त्याने तेल लावून प्रार्थना केली, आई बरी झाली असे जाहीर केले आणि पुढचे इंजेक्शन घेणे म्हणजे अविश्वास, असे तिला सांगितले. दोन आठवड्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या तेव्हा तो म्हणाला की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे. आईने ते स्वतःवर घेतले. मरणाच्या दारात असलेली बाई रात्रभर आपल्या जुन्या चुका आठवत रडत होती, आणि हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या रात्री बाबांनी तिच्याजवळ बसून प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणायची विश्वासाची कबुली, हळू आवाजात म्हटला. देहाच्या पुनरुत्थानाचे वाक्य आले तेव्हा तिनेही ओठ हलवले आणि ती झोपली. लहानपणापासून दर रविवारी मी ते शब्द अर्थ न पाहता म्हणत आलो होतो. हा देह मोडला तरी देवाने तो टाकून दिलेला नाही, हा त्यांचा अर्थ मला त्या खोलीत कळला.

म्हणून त्या पुढाऱ्यासारखे कोणी भेटले, तर त्याला शास्त्रातूनच विचारा. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत गावी आजारी असताना मागे ठेवले, हे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही, हे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. मग पौलाचाही विश्वास कमी पडला का?

परंतु दादा जे म्हणतो, की ही सारी बाहेरून आलेली खुळे आहेत, तेही मी मानत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या ते 1905 साली, म्हणजे अशा फेलोशिपांचा उगम जिथे मानतात त्या अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटवरच्या सभांच्या एक वर्ष आधी. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक यांनी 1917 साली मिशनपासून दूर होऊन ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला, आणि आज त्यांचीच पदे आपण जुनी म्हणून जपतो. बाणकोटला 1823 साली स्कॉटिश मिशनरी उतरले तेव्हा आपला पंथही या किनाऱ्याला नवाच होता. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, ही आज्ञा याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. ती आपल्या जुन्या मंडळीलाही लागू होती, पण आमच्या पंचांनी तेलाची बाटली कधी उघडली नाही. तरुण मुले आपली मंडळी सोडून जातात ती मतांगीकारामुळे नव्हे, तो कोणी समजावून सांगत नाही म्हणून जातात.

सगळ्या फेलोशिप अशा असतात असे मी म्हणत नाही. माझा अनुभव एकाच ठिकाणचा आहे, आणि तुमच्या मित्रांची संगत चांगलीही असेल. मी स्वतः आईच्या मृत्यूनंतर वर्षभराने जुन्या मंडळीत परतलो. दादा आजही म्हणतो की त्या लोकांनी आईचे शेवटचे दिवस नासवले. पुढाऱ्याविषयी ते खरे आहे. पण त्या दोन मुली रात्री जागत होत्या तेव्हा दादा आणि मी शेजारच्या खोलीत झोपलो होतो, आणि त्यांचे आभार आम्ही दोघांनीही अजून मानलेले नाहीत.