गेमिंग पीसी टप्प्याटप्प्याने अपग्रेड करायचा आहे. आधी ग्राफिक्स कार्ड बदलू की प्रोसेसर?

तुम्ही दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, बी४५० मदरबोर्ड, सगळे गेम्स हार्ड डिस्कवर, ४५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर. खेळता काउंटर-स्ट्राइक २ आणि सायबरपंक २०७७. पहिल्यात एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात त्याचा) आकडा शंभराच्या पुढे दिसतो तरी मधूनच झटके बसतात, दुसरा तर गाडी चालवताना जागच्या जागी गोठतो. मित्र म्हणतो कार्ड बदल, यूट्यूबवर सांगतात प्रोसेसर बदल, आणि पैसे एका वेळी एकाच गोष्टीपुरते आहेत.

माझं मत: आत्ता दोन्ही नको. आधी रॅम, पाठोपाठ एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क). मग मोजमाप करायचं आणि त्यावरून कार्ड की प्रोसेसर ते ठरवायचं.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः उलटं करून बसलो होतो. माझ्याकडे जुना चार कोअरचा प्रोसेसर होता आणि मी खेळायचो मुख्यतः स्ट्रॅटेजी गेम्स, नकाशावर हजारो सैनिक फिरतात त्या जातीचे. गेम अडकतोय म्हणजे कार्ड जुनं झालं, असं धरून साठवलेले सगळे पैसे नव्या कार्डात घातले. मोठी लढाई लावून बघितली. आधी ४५ एफपीएस मिळायचे, आता ४७. नवं कोरं कार्ड निम्म्या कामावर आरामात बसून होतं आणि प्रोसेसर धापा टाकत होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तुमच्या बाबतीत पुरावा गेमच्या किमान आवश्यकतांमध्येच सापडतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सायबरपंकचं २.० अपडेट आलं, तेव्हा त्या वाढवल्या गेल्या. आता किमान लागतं ते असं: रायझन ५ १६०० किंवा त्या तोडीचा प्रोसेसर, जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं कार्ड, १२ जीबी रॅम आणि एसएसडी. तुमचा प्रोसेसर या रेषेच्या बराच वर आहे, कार्डही वर आहे. खाली आहेत त्या दोनच गोष्टी, रॅम आणि डिस्क. आणि नेमकं याच दोघांबद्दल तुम्हाला कोणी काही बोललं नाही, कारण रॅम बदलल्याचा व्हिडिओ कोण बघणार?

झटके का बसतात तेही बघू. ८ जीबीमधला बराचसा भाग विंडोज, ब्राउझर आणि डिस्कॉर्ड मिळून आधीच खातात. गेमला उरलेली जागा कमी पडली की विंडोज रॅममधला काही डेटा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं. तो परत लागला की डिस्कवरून आणायचा. तुमची डिस्क फिरणारी, म्हणजे एकेक तुकडा शोधायला तिला साधारण १० मिलिसेकंद लागतात. १४४ एफपीएसला एका फ्रेमसाठी तुमच्याकडे वेळ असतो जेमतेम ६.९ मिलिसेकंद. असे पाच-दहा तुकडे एकामागोमाग शोधावे लागले की तो झटका बसतो. सरासरी आकडा मात्र छान दिसत राहतो, म्हणून आकड्यावर जाऊ नका. फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख बघा, झटके तिथे सुळक्यांसारखे उभे राहिलेले दिसतील.

एकच स्टिक असण्याचं दुखणं वेगळं आहे. तुमच्या बोर्डावर मेमरीचे दोन चॅनेल आहेत आणि तुम्ही एकच वापरताय. डीडीआर४ ३२०० धरली तर एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ जीबी डेटा जातो, दोन्हींतून ५१.२. रायझन ३६०० ला हा फरक चांगलाच जाणवतो. त्यामुळे ८ जीबीच्या दोन स्टिक्सचा जोडसंच घ्या, झेपत असेल तर १६ च्या दोन. जुन्या स्टिकशेजारी दुसरी कुठलीतरी बसवली तरी बहुतेक वेळा चालते, पण मग दोघीही सावकाश असेल तिच्या वेगाने पळतात, आणि कधीकधी नीट जमतच नाही. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. नंतर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करा (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात). हे विसरलात तर ३२०० ची रॅम निमूटपणे २१३३ किंवा २६६६ वर चालत राहते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग लिहिलेला असतो, तो एकदा पाहून घ्या.

एसएसडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बोर्डावर एम.२ स्लॉट असेल तर साधी एनव्हीएमई (त्या स्लॉटमध्ये बसणारी एसएसडी) घ्या, विंडोज आणि खेळत असलेले दोन-तीन गेम्स तिच्यावर टाका, बाकी पसारा हार्ड डिस्कवर राहू दे. सेकंदाला ७००० एमबी वगैरे लिहिलेल्या महागड्या ड्राइव्हच्या मागे लागू नका. बी४५० वर पीसीआयई (बोर्डापासून ड्राइव्ह आणि कार्डापर्यंतची डेटाची वाट) ३.० आहे, तो वेग तिथे मिळणारच नाही, आणि मिळाला असता तरी आजच्या बहुतेक गेम्समध्ये डोळ्यांना कळला नसता. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर येणं हीच मोठी उडी आहे.

आता मोजमाप. एमएसआय आफ्टरबर्नर उतरवून घ्या, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं, खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात आकडे तेच दाखवतं. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधून ठेवणारी सेटिंग) बंद करा, एफपीएसची मर्यादा लावली असेल तर काढा. ती तशीच राहिली तर कार्ड मुद्दामच हळू चालतं आणि तुमचा निष्कर्ष चुकतो. मग तुम्हाला खरोखर त्रास होतो त्याच जागी दहा मिनिटं खेळा. कार्डाचा वापर सतत ९७-९९ टक्के असेल तर कार्डाची दमछाक होतेय. तो ६०-७० वर रेंगाळत असेल आणि एफपीएस तरीही कमी असतील, तर कार्ड प्रोसेसरची वाट बघत थांबलंय.

इथे एक फसगत हमखास होते. लोक प्रोसेसरचा वापर बघतात, ३५ टक्के दिसतो, आणि म्हणतात प्रोसेसर तर मोकळाच आहे! तुमच्या प्रोसेसरला ६ कोअर आणि १२ थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी १२ कामं चालवू शकतो. गेमचं मुख्य काम बहुधा एका थ्रेडवर चालतं. तो एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा ८.३ टक्केच. शिवाय विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहतं, म्हणून कोअरनिहाय पाहिलं तरी कुठेच १०० दिसेल असं नाही. त्यामुळे निदान करताना मी प्रोसेसरच्या आकड्यापेक्षा कार्डाच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो.

खात्री करायला आणखी एक सोपी युक्ती आहे. रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी करा. पिक्सेल निम्म्याहूनही कमी होतात, म्हणजे कार्डाचं ओझं उतरतं. प्रोसेसरचं काम मात्र जवळपास तेवढंच राहतं, कारण कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, काय काय काढायचं आहे हे त्याला प्रत्येक फ्रेमला ठरवावंच लागतं. एफपीएस भरपूर वाढले तर कार्ड कमी पडत होतं. होते तिथेच राहिले तर नवं कार्ड घेऊन काही साधणार नाही.

माझा अंदाज असा की तुम्हाला दोन गेम्समध्ये दोन उत्तरं मिळतील. सायबरपंकमध्ये कार्ड कमी पडेल, काउंटर-स्ट्राइकमध्ये कमी सेटिंग्जवर खेळत असाल तर प्रोसेसर. मग आपण जास्त वेळ काय खेळतो हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. वर्षातून एक मोठा कथानकाचा गेम आणि रोज रात्री काउंटर-स्ट्राइक, असं असेल तर पैसा रोजच्या गेमवर लावा.

प्रोसेसरकडे वळलात तर सुदैवाने बोर्ड बदलायची गरज नाही. एएम४ सॉकेटवरचा (म्हणजे तुमच्या बोर्डावरच्याच खाचेत बसणारा) रायझन ५ ५६०० बी४५० वर चालतो, ५७००एक्स३डी मिळाला तर आणखी उत्तम. ३६०० मध्ये तीन-तीन कोअरचे दोन गट आहेत आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) त्यांच्यात १६-१६ अशी वाटलेली आहे. ५६०० मध्ये सहाही कोअर एकत्र आहेत आणि ३२ एमबी सगळ्यांना सामाईक. एक्स३डीमध्ये तीच कॅश ९६ एमबी होते. गेममधला डेटा जितका जास्त कॅशमध्ये मावेल तितकं रॅमपर्यंत हेलपाटे मारणं कमी, म्हणून गेमिंगमध्ये फरक मोठा पडतो.

फक्त बायोस आधी अपडेट करा, ३६०० जागेवर असतानाच. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर बसवला तर पडदा काळाच राहील आणि परत सगळं उलगडावं लागेल. आणि कूलर काढायच्या आधी अर्धा तास गेम खेळून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम होऊ द्या. मग मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सैल करा आणि उचला. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. कूलर थंड असताना सरळ वर ओढला तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. माझी एक वाकली होती. सुईच्या टोकाने ती सरळ करताना किती देव आठवले ते मोजलं नाही.

कार्डाकडे वळलात तर नावाआधी दोन गोष्टी बघा. पहिली त्याची स्वतःची मेमरी. १०८०पी ला ८ जीबीवर आज भागतं, पण मोठ्या गेम्समध्ये टेक्श्चर (वस्तूंवरचं बारीक चित्रकाम) एखादी पायरी खाली आणावं लागतं. तीन-चार वर्षं कार्ड बदलायचं नसेल तर १२ किंवा १६ जीबीकडे बघा. दुसरी गोष्ट तुमच्या बोर्डामुळे महत्त्वाची: पीसीआयई लेन्स, म्हणजे त्या वाटेवरच्या मार्गिका. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० ही कार्डं आठच लेन्स वापरतात. पीसीआयई ४.० वर काही बिघडत नाही. तुमच्याकडे ३.०, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी. कार्डाच्या मेमरीत सगळं मावतंय तोवर नुकसान किरकोळ असतं. ती भरून सांडायला लागली की डेटा याच वाटेने ये-जा करतो, आणि ४०६० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला २७२ जीबी आहे हे लक्षात घेतलं की काय होत असेल ते कळतं. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं कार्ड जुनं असलं तरी १६ लेन्स वापरतं. नव्यांपैकी आरएक्स ९०६० एक्सटीलाही १६ आहेत. चारच लेन्सचं आरएक्स ६५०० एक्सटी तुमच्या बोर्डावर अजिबात घेऊ नका.

१६६० सुपरमध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशोब करून उजेड-सावल्या काढण्याचं) हार्डवेअर नाही, हेही ध्यानात असू द्या. २०२४ च्या अखेरीपासून काही मोठे गेम्स त्याशिवाय सुरूच होत नाहीत. तुमच्या आजच्या दोन गेम्सना त्याची गरज नाही, म्हणून मी ते कारण वर आणलं नाही.

एसएमपीएसवर मात्र मी हट्टी आहे. ४०६० ला ११५ वॉट लागतात, १६६० सुपरलाच १२५ लागत होते, तेव्हा नुसत्या आकड्याने ४५० पुरेल. प्रश्न तो ४५० खरा आहे का याचा. ८० प्लसचा बिल्ला किती वीज वाया जात नाही तेवढंच सांगतो, आतल्या मालाची हमी देत नाही. आधुनिक कार्डं क्षणभरासाठी सरासरीच्या कितीतरी वर उसळी मारतात. एसएमपीएसला ती झेपली नाही की ऐन खेळात मशीन फटकन बंद होऊन पुन्हा सुरू होतं, आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो. तुमचा कुठल्या कंपनीचा, किती वर्षांचा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेला असेल तर कार्डाच्या आधी तोच बदला. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) घेतलात तर त्याच्याच केबल वापरा, जुन्या कितीही नीट बसल्या तरी. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक बनावटीत वेगळी असू शकते. कंटाळा करून मी जुनी साटा पॉवर केबल तशीच ठेवली आणि सहा वर्षांच्या फोटोंची हार्ड डिस्क जाळली.

एएम५ या पुढच्या सॉकेटवर जायचा मोह होईल, पण त्यात बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम तिन्ही एकदम घ्यावी लागतात. तुमच्या अटीत ते बसत नाही. आता डीडीआर४ घेतली तर पुढे ती तिथे चालणार नाही हे खरं, पण त्यासाठी दोन वर्षं झटके खात बसायचं का?

पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचं काम. कॅबिनेट उघडून धूळ काढा, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट खरंच १४४ वर आहे का ते बघा. माझा मॉनिटर पहिले पाच महिने ६० वरच होता, आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होतो की १४४ मुळे काय जबरदस्त फरक पडतो!