संप मिटला, तिकीट स्वस्त झालं, आता घ्यायचं का?

‘तिकीटवाले काका’: वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

मेलबर्नहून एक वाचक लिहितात: काका नमस्कार. माहेर सातारा, सासर सांगली, राहायला मेलबर्न, त्यामुळे वर्षातून एकदा तरी भारतात येणं होतंच. गेली नऊ वर्षं एकाच एअरलाइनने येतोय, गोल्ड कार्ड आहे. मागच्या खेपेला त्यांच्या स्टाफचा संप झाला आणि दोन पोरं, चार बॅगा घेऊन आम्ही मधल्याच एअरपोर्टवर एकवीस तास बसलो, भाच्याचं बारसं हुकलं ते हुकलंच. आता मेल आलाय की तुमची आठवण येते, 30 टक्के सूट आणि डबल पॉइंट. हे म्हणतात त्या कंपनीचं तोंड बघायचं नाही. मला मोह होतोय. काय करू?

ताई, आठवण वगैरे सोडून द्या, त्यांना रिकाम्या सीटा दिसतायत. मी दादरला सत्तावीस वर्षं तिकिटं काढून दिली लोकांना, संप मिटल्यावर काय होतं ते दरवेळी तसंच. संप एका दिवसात मिटतो पण लोकांच्या मनातली धाकधूक नाही मिटत, पुढचे काही आठवडे जो तो म्हणतो थांबूया जरा, परत गडबड झाली तर. तोपर्यंत इकडे विमान उभं आहे, पायलट आलाय, इंधन भरलंय आणि बुकिंगचा तक्ता अर्धा पांढरा. एकदा दार बंद झालं की त्या सीटची किंमत शून्य. संध्याकाळी मंडईत कोथिंबिरीची जुडी दहाला दोन का मिळते, भाजीवाल्याला आपला पुळका आलेला नसतो ना, तसंच आहे हे.

तुमच्याच देशातला सगळ्यात मोठा किस्सा सांगतो म्हणजे पुढचं सोपं जाईल. 2011 सालची दिवाळी, 28 ऑक्टोबरला भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी शनिवारी दुपारी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास एअरलाइनचे तेव्हाचे प्रमुख अॅलन जॉइस यांनी जाहीर केलं की आमची सगळी मोठी विमानं आत्तापासून जमिनीवर. देशातली, परदेशातली, सगळी. 108 विमानं, 22 विमानतळ. तीन संघटनांशी भांडण चालू होतं, लांब पल्ल्याचे पायलट, इंजिनिअर आणि बॅगा चढवणारे ग्राउंड स्टाफ. गंमत बघा, पायलट लोक तेव्हा विमानं उडवतच होते, त्यांचा निषेध म्हणजे लाल टाय घालायचा आणि माइकवरून प्रवाशांना आपली बाजू सांगायची, एवढाच! तासा-दोन तासांची कामबंदी बाकीच्या दोन संघटना करत होत्या. तरी सगळं बंद केलं ते मालकांनी. म्हणजे लोक ज्याला क्वांटासचा संप म्हणतात तो खरा टाळेबंदीचा बडगा होता. आणि आदल्याच दिवशी, आपल्या भाऊबीजेला, भागधारकांच्या सभेत साहेबांचं सुमारे 50 लाख डॉलरचं पॅकेज मंजूर झालेलं. मला विचाराल तर लोकांच्या डोक्यात तिडीक गेली ती या टायमिंगमुळे जास्त.

सरकारने ताबडतोब फेअर वर्क ऑस्ट्रेलियाकडे, म्हणजे तिथल्या कामगार लवादाकडे धाव घेतली, सोमवारी पहाटे दोनच्या सुमारास निकाल आला की दोन्ही बाजूंनी सगळं थांबवा, आणि सोमवारी दुपारपासून विमानं परत उडायला लागली. जेमतेम दोन दिवस, पण तेवढ्यात सत्तर हजाराच्या घरात माणसं अडकली, आणि कंपनीने स्वतःच नंतर हिशोब दिला की सगळ्या भांडणाचा फटका 19 कोटी 40 लाख डॉलर.

मग सुरू झाली मनधरणी. अडकलेल्यांना ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडपर्यंत एक येण्याजाण्याचं तिकीट फुकट दिलं, ते ठीक केलं, असं माझं मत आहे, कारण ज्याचं नुकसान त्याच्याच हातात काहीतरी पडलं. पण तीनेक आठवड्यांनी, 22 नोव्हेंबरला, कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की ट्विटरवर स्पर्धा घेऊया, तुमच्या स्वप्नातला आलिशान प्रवास ‘क्वांटास लक्झरी’ हॅशटॅग लावून सांगा आणि फर्स्ट क्लासमधला नाइट ड्रेस जिंका. लोकांनी जे धुतलंय! माझ्या स्वप्नातला आलिशान प्रवास म्हणजे विमान उडणं, अशा धाटणीची उत्तरं हजारोंनी पडली. सून रुसून माहेरी गेलीय आणि सासूबाई मिक्सर लकी ड्रॉमधे देतायत, असा प्रकार तो.

तरी लोक गेले का सोडून? काही गेले असतील पण फार नाही. व्हर्जिन ऑस्ट्रेलिया या तिथल्या दुसऱ्या एअरलाइनने तेव्हाच कात टाकली होती, बिझनेस क्लासवाले गिऱ्हाईक ओढायला सुरुवात केली होती, त्यांना ही आयतीच संधी. मग पुढची दोन-अडीच वर्षं दोघांनी एकमेकांपेक्षा जास्त विमानं, जास्त सीटा ओतल्या आणि देशांतर्गत दर खाली आले. प्रवाशांची दिवाळी, कंपन्यांचं दिवाळं. जून 2014 ला संपलेल्या वर्षात क्वांटासला 2.8 अब्ज डॉलरचा तोटा झाला, त्यात बराचसा जुन्या विमानांची किंमत वहीत कमी केल्याचा होता हे खरं, पण धंद्यातला तोटाही काही कमी नव्हता. आणि आता मी सांगतो ते नीट वाचा ताई, त्याच वर्षी त्यांच्या पॉइंटच्या खात्याने, म्हणजे फ्रीक्वेंट फ्लायरच्या धंद्याने, 28 कोटी 60 लाख डॉलर नफा कमावला. विमानं बुडत होती आणि पॉइंट कमवत होते, कारण आपल्या गिऱ्हाइकांना वाटायला ते पॉइंट बँका विकत घेतात, क्रेडिट कार्डवाले घेतात, किराणा दुकानवाले घेतात. माणूस चिडतो, शिव्या घालतो, पण कार्डावर लाखभर पॉइंट असले की परत त्याच काउंटरला उभा राहतो. निष्ठा बिष्ठा काही नाही, जीव पॉइंटात अडकलेला.

आता तुमचं. ह्यांचा राग बरोबर आहे पण रागाने तिकीट स्वस्त होत नाही. तीन गोष्टी बघा आणि मग ठरवा. भांडण खरंच मिटलंय का, की नुसतं पुढे ढकललंय? ऑस्ट्रेलियात हे कळायला सोपं आहे, कामगारांच्या कराराला मुदतीची तारीख असते, ती फेअर वर्क कमिशनच्या, म्हणजे त्याच लवादाच्या आताच्या नावाच्या, वेबसाइटवर कोणालाही दिसते आणि ती उलटायच्या आत कायदेशीर संप करता येत नाही. तुमची प्रवासाची तारीख त्या मुदतीच्या अलीकडे असेल तर बिनधास्त काढा. दुसरं म्हणजे 30 टक्के कशावर ते बघा, बऱ्याचदा फक्त मूळ भाड्यावर असतात, टॅक्स आणि बाकीचे चार्जेस तसेच, त्यामुळे हातात पडताना अठरा-वीस टक्केच उरतात, आणि डिसेंबर-जानेवारीच्या ज्या तारखा तुम्हाला हव्यात नेमक्या त्याच वगळलेल्या असतात. आणि डबल पॉइंट स्वस्तातल्या स्वस्त इकॉनॉमीवर म्हणजे शून्याच्या दुप्पट असंही असतं कधीकधी, अटी वाचा.

एक करा, सूट घ्यायच्या आधी त्यांना एक मेल टाका, शांतपणे, तारीख, फ्लाइट नंबर, पीएनआर सगळं देऊन, की एकवीस तास बसलो त्याबद्दल गोल्ड कार्डाची मुदत वर्षभर वाढवा. सगळ्यांना पाठवलेली ऑफर वेगळी आणि तुमच्या नावाने मिळालेलं वेगळं. संपानंतरच्या दोन-तीन महिन्यांत कंपन्या हे देतात, नंतर विचारलं तर ओळखही दाखवत नाहीत. आणि बारशाचं म्हणाल तर पहिला वाढदिवस येतोय ना, तो धरा.

ठाण्याहून एक वाचक विचारतात: संप एका कंपनीचा आणि दर वाढवतात बाकीच्या चार कंपन्या, ही सरळसरळ लूट नाही का? सरकार काय करतं?

राग कळतो हो. 2009 च्या सप्टेंबरमधे जेट एअरवेजचे पायलट एका रात्रीत शेकड्याने ‘आजारी’ पडले, संघटना काढली म्हणून दोघांना काढलं होतं त्यावरून, तेव्हा पाच दिवस माझ्या ऑफिसातला फोन खाली ठेवता येत नव्हता. आणि स्क्रीनवर बाकीच्या कंपन्यांचा मुंबई-दिल्ली दर माझ्या डोळ्यादेखत चढत होता, गिऱ्हाईकाला आकडा सांगून तो बायकोला विचारेपर्यंत नवा आकडा.

पण तो चढतो कसा ते सांगतो. विमानात समजा 180 सीट आहेत, त्या सगळ्या एका भावाच्या नसतात, दहा-बारा कप्पे केलेले असतात, ट्रॅव्हलवाले त्याला बकेट म्हणतात. पहिल्या वीस सीट चार हजाराला, पुढच्या वीस पाच हजाराला, असं करत शेवटच्या पाच-सहा सीट अठरा-वीस हजाराला. रोज खालचे कप्पे सावकाश भरतात. संपाच्या दिवशी दुसऱ्या कंपनीचे हजारो लोक एकदम इकडे येतात आणि तासाभरात खालचे स्वस्त कप्पे फुल, उरतो वरचा. म्हणजे मॅनेजरने उठून बटण दाबलंच पाहिजे असं नाही, शिडी आधीच लावलेली असते, आपण सगळे मिळून तिच्यावर चढतो. आता ती शिडी शेवटच्या पायरीला किती उंच ठेवायची हे मात्र माणसंच ठरवतात, तिथे तुमचा लूट हा शब्द मला चुकीचा वाटत नाही.

सरकारचं म्हणाल तर आपल्याकडे भाडं कंपनी ठरवते, एरवी सरकार त्यात पडत नाही. पण मनात आणलं तर पडतं. डिसेंबर 2025 मधे इंडिगोची विमानं रद्द व्हायला लागली, तो संप नव्हता, पायलटच्या विश्रांतीच्या नव्या नियमांना कंपनीची तयारी कमी पडली होती, तेव्हा सरकारने भाड्याला कमाल मर्यादा घातली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,500 किलोमीटरच्या वर 18,000. टॅक्स आणि बाकीचं वेगळं. म्हणजे करता येतं. फक्त त्यासाठी टीव्हीवर बॅगांचे डोंगर दिसावे लागतात.

नाशिकहून: माझ्याकडे एका एअरलाइनचे ऐंशी हजार पॉइंट आहेत, पायलटांची कुरबुर ऐकू येते. साठवू की वापरू?

वापरा. पॉइंट म्हणजे बँकेतली एफडी नाही, त्याच्यावर व्याज मिळत नाही, उलट कंपनी कधीही म्हणू शकते की कालपर्यंत वीस हजारात येणारं तिकीट आजपासून तीस हजारात. जेटचं सांगून लोक घाबरवतात, पण तिथे उलटंच झालं होतं. एप्रिल 2019 मधे जेटची विमानं बंद पडली, पण पॉइंटची कंपनी वेगळी होती, तिच्यात निम्म्याहून जास्त वाटा अबुधाबीच्या एतिहाद एअरलाइनचा, त्यामुळे विमान गेलं आणि पॉइंट नाव बदलून इंटरमाइल्स म्हणून जगले. दरवेळी असं नशीब नसतं. पत्नीला घेऊन अंदमानला जाऊन या.

कोल्हापूरहून एक आजोबा लिहितात: नातू जर्मनीत शिकतो. तो म्हणतो आजोबा, संपामुळे फ्लाइट रद्द झाली तर 600 युरो मिळतात. आमच्या चिरंजीवांना मुंबई-दिल्लीला असंच झालं तेव्हा तिकिटाचे पैसे परत दिले, वर एक छदामही नाही. नातू थापा मारतो का?

नाही आजोबा, पोरगं बरोबर बोलतंय, आणि चिरंजीवांनाही जे मिळालं ते नियमानेच. आपल्याकडे डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमात फ्लाइट रद्द झाली तर भरपाई आहे, जास्तीत जास्त 10,000 रुपये, पण कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांची जी यादी आहे तिच्यात पूर, दंगल यांच्या जोडीला संप आणि कामगार तंटा चक्क लिहिलेला आहे. म्हणजे पैसे परत किंवा दुसरी फ्लाइट, वर काही नाही. मला स्वतःला हे पटत नाही. पूर कोणी बोलावत नाही, पण स्वतःच्या माणसांशी बोलणी फिसकटवायला मालकाचा हात असतोच की.

युरोपच्या कोर्टाने नेमकं हेच धरलं. 2016 मधे टुईफ्लाय नावाच्या जर्मन कंपनीने फेररचना जाहीर केली आणि कर्मचारी एकगठ्ठा आजारी पडले, तर 2018 साली कोर्ट म्हणालं हा धंद्यातलाच भाग आहे, भरपाई द्या. मग 2021 मधे एसएएस या स्कँडिनेव्हियन एअरलाइनच्या पायलटांच्या रीतसर संपाबद्दलही तेच. अट एवढीच की संप कंपनीच्या आपल्या लोकांचा पाहिजे, एअर ट्रॅफिक कंट्रोलवाल्यांचा असेल तर 600 युरो नाहीत, फक्त पैसे परत किंवा दुसरी फ्लाइट आणि थांबावं लागलं तर जेवण-हॉटेल. आणि दोन आठवडे आधी रद्द झाल्याचं कळवलं असेल तरी नाहीत.

नातू सुट्टीला येताना फ्रँकफर्टहून कुठल्याही कंपनीने निघाला तरी नियम लागू. परत जाताना मुंबईहून मात्र युरोपियन कंपनीचं विमान असेल तरच. कोड शेअरमधे गंमत होते, तिकिटावर नाव एकाचं आणि विमान दुसऱ्याचं, तेव्हा ‘ऑपरेटेड बाय’ पुढे कोणाचं नाव आहे ते बघायला सांगा. आणि बोर्डिंग पास फेकू नको म्हणावं, फोटो काढून आजोबांना व्हॉट्सअॅप कर.