कॉन्व्हेंट म्हणजे नन्सचंच असतं का?

प्रश्न असा आलाय की फ्रेंच राज्यक्रांतीतला जॅकोबिन क्लब (क्रांतिकारकांचा राजकीय गट) पॅरिसमधल्या डॉमिनिकन या कॅथलिक पंथाच्या साधूंच्या कॉन्व्हेंटमधे भरायचा असं वाचलं, पण कॉन्व्हेंट तर नन्सचं असतं ना, मग तिथे पुरुष कसे?

गोंधळ होणारच, कारण आपल्याकडे हा शब्द शाळेतून आला. नन्सनी मुलींच्या शाळा काढल्या म्हणून 'पोरगी कॉन्व्हेंटला आहे' म्हणजे इंग्लिश मीडियमला आहे, मग त्या शाळेत एकही नन नसली तरी चालतं. मूळ लॅटिन शब्द आहे कोन्वेन्तुस, कोन म्हणजे एकत्र आणि वेनीरे म्हणजे येणे. मला सगळ्यात आवडतं ते हे की हे वेनीरे आणि संस्कृतातला गम् धातू एकाच मुळातून आलेत, त्यामुळे अर्थाने बघितलं तर कॉन्व्हेंट म्हणजे चक्क आपला समागम किंवा संगम! बाई की पुरुष याचा त्यात काही संबंधच नाही. फ्रेंचमधे आजही साधूंच्या मठाला कूव्हाँ म्हणतात. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस चर्चला लागून पुरातत्त्व खात्याचं म्युझियम आहे ना, ते फ्रान्सिस्कन साधूंचं कॉन्व्हेंट होतं, आणि जवळचंच सांता मोनिका हे नन्सचं, पोर्तुगीजमधे दोन्हीला कॉन्व्हेंतोच.

आता जॅकोबिन. 1218 मधे डॉमिनिकनांना पॅरिसमधे सेंट जेम्सच्या नावाच्या चॅपलजवळ जागा मिळाली, जेम्स म्हणजे लॅटिन याकोबुस, मराठी बायबलातला याकोब, त्यावरून फ्रान्समधे सगळ्या डॉमिनिकनांनाच लोक जॅकोबिन म्हणायला लागले. पुढे 1611 मधे त्यांचं दुसरं कॉन्व्हेंट र्‍यू सँतोनोरे या रस्त्यावर झालं, क्रांतीवाला क्लब भरायचा तो इथे. 1789 च्या शेवटी राजा आणि असेंब्ली, म्हणजे लोकप्रतिनिधींची सभा, व्हर्सायहून पॅरिसला आल्यावर क्लबने आधी साधूंचं जेवणघर भाड्याने घेतलं, मग लायब्ररी, शेवटी चर्चच. क्लबचं खरं नाव होतं 'संविधानाच्या मित्रांची सभा', विरोधक चिडवायला जॅकोबिन म्हणायचे आणि तेच नाव इतकं चिकटलं की 1792 मधे क्लबने स्वतःच ते अधिकृतपणे घेतलं. म्हणजे एका संताचं नाव आधी साधूंना लागलं, मग इमारतीला, आणि तिथून ज्यांच्या काळात चर्चची दारं बंद झाली त्या क्रांतिकारकांना, शब्दाचा एवढा लांब प्रवास मी तरी क्वचितच पाहिलाय.

फेब्रुवारी 1790 मधे संन्यासाची व्रतंच कायद्याने रद्द झाली, नोव्हेंबर 1794 मधे क्लबला टाळं लागलं आणि नंतर इमारती पाडून तिथे बाजार केला. आज त्या जागेवर काचेची मोठी बिल्डिंग आहे, भोवतीच्या चौकाला अजून सँतोनोरेचा बाजार म्हणतात, मठाचं काही दिसत नाही.

तेव्हा मराठीत लिहायचं असेल तर 'डॉमिनिकन मठ' लिहा, 'जोगिणींचा मठ' नको. एका भाषांतरात मी तसं वाचलंय आणि तिथे अख्खा परिच्छेद चुकीच्या चित्राने भरून गेला होता.